शेवूच्या टिटव्या

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी कळलंच नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा चुका होतील त्या पोटात घालाव्यात. तसं हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. नातीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा त्यांवर लिहिते.

परवा नातीनं मोबाईलवर एक सिनेमा लावला. लहान मुलांचाच होता. परदेशातला एक मुलगा आईविना राहिलेली रानातली पाखरं सांभाळतो, ती त्याच्या मागं मागं चालतात, मोठी होतात आणि शेवटी आभाळात उडून जातात. पुढच्या वर्षी परत येतात. ती येताना दिसली तशी नात टाळ्या वाजवायला लागली आणि मी पदर डोळ्याला लावला.

"आज्जी, रडायलीस काय? शेवट चांगला झाला की गं!" ती म्हणाली.

चांगलाच झाला होता. मला आमच्या शेजारची शेवू आठवली होती.

खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पलीकडं, रानाच्या कडेला आमचं गाव आहे. भैरूचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. शेतंही एकमेकांना लागून, मधे एकच बांध. भैरूची बायको रेणुका, त्याची म्हातारी आई सखुबाई, आणि एकुलती एक पोरगी शेवंता. तिला सगळे शेवू म्हणायचे. मी सांगते ती गोष्ट घडली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. काळीसावळी, बारीक, केसांना कधी तेल नाही.

शेवू कुणाच्या घरात सरळ येत नसे. दारापासून चार पावलांवर उभी राहायची, हात पाठीमागं बांधून, भलतीकडंच बघत. आपण आपलं काम करत राहायचं. थोड्या वेळानं ती दोन पावलं पुढं आलेली असायची. मग उंबऱ्यात. मग हळूच आत येऊन चुलीपाशी बसायची. मी स्वतः माणसांना बुजणारी बाई. मला तिचं हे येणं फार बरं वाटायचं. कुणी आपल्या अंगावर येत नाही, असं वाटायचं.

एकदा मी विचारलं, "शेवू, हात सारखं मागं का धरतीस गं?"

"हात दिसलं की त्यास्नी वाटतं, काय तर फेकणार."

"कुणास्नी?"

"टिटव्यास्नी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि डोळ्यात बघायचं न्हाय. दुसरीकडं बघत जायाचं. मग ती म्हणती, हिला माझ्याकडं काय काम न्हाय."

टिटव्या आमच्या शिवारात पुष्कळ. भात काढलं की उन्हाळ्यात रान मोकळं पडतं, ढेकळांत टिटवी अंडी घालते. घरटं असं नसतंच. जरासा खळगा, चार खडे आणि मातीच्याच रंगाची अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी मात्र लांबूनच बघते. माणूस असो, कुत्रं असो, बैल असो, डोक्यावर घिरट्या घालून अशी ओरडते की नको वाटतं. सगळ्या गावावर ती ओरडायची. शेवूवर ओरडत नव्हती.

हे एका दिवसात झालं नव्हतं. पहिल्या वर्षी कुळव मारायला भैरूनं भाड्याचा ट्रॅक्टर आणला होता. चालवणारा मारुती, गावातलाच, तोंडाचा फटकळ. अर्धं शेत झालं आणि ट्रॅक्टर थांबला. बघतो तर शेवू ढेकळांत मांडी घालून बसलेली.

"ए पोरी, ऊठ की! चाकाखाली जाशील."

"हितं अंडी हाईत."

"असू देत. ऊठ."

"ती आत्ताच बसून गेलीया. परत यायची हाय."

"मग मी काय करू? ट्रॅक्टर डोक्यावर घिऊन जाऊ?"

"व्हय," शेवू म्हणाली.

बांधावर आम्ही सगळ्या बायका हसलो. रेणुका तर पोट धरून हसली. तिचं हसणं मोठं होतं, तीन घरं ऐकू जायचं. भैरू वैतागला होता, पण बायको हसायला लागली की त्याचा राग टिकत नसे. तो म्हणाला, "सोड रं मारुती तेवढं. चार मुठी भात कमी यील." मारुतीनं शिव्या देत देत वळसा घेतला. नांगरटीच्या मधोमध पाटीएवढी जागा तशीच राहिली. ती जागा दरवर्षी तशीच सोडायची, असं मग ठरूनच गेलं.

उन्हं वाढली तशी शेवूनं तिथं एका खापरात पाणी ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं, पाखराला प्यायला. पण एक दिवस ती मला बांधाच्या आडून दाखवायला घेऊन गेली. टिटवी खापरात उतरली, पोट पाण्यात घातलं, पिसं चिंब केली आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसली.

"अंडी तापत्यात न्हवं," शेवू कुजबुजली. "आईनं मला ताप आलता तवा पदर भिजवून घातलता, तसंच."

पावसाआधी गावातली म्हातारी माणसं तिला हटकून विचारायची. आमच्याकडं मानतात की टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस फार, खोलगटात घातली तर कमी. "काय हवामान खात्याच्या बाईसाहेब, औंदा अंडी कुठं?" असं कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचं.

"खालतीकडं," शेवू सांगायची.

"म्हंजे पाऊस न्हाय. भुईमूग करूया."

"तिला काय ठावं, आप्पा? वरतीकडं तुमची म्हसरं बसत्यात. म्हणून खाली गेली."

कट्टा हसायचा. शेवू हसत नसे. तिनं खरं तेच सांगितलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षापर्यंत अशी सवय झाली होती की शेवू शेतात आली तरी टिटवी अंड्यांवरून उठत नसे. पिल्लं निघाली की ती लगेच चालायला लागतात. कापसाच्या बोंडाला काड्या लावाव्यात तशी दिसतात. आईनं एक बारीक आवाज काढला की जागच्या जागी ढेकूळ होऊन पडतात, कुणाला सापडत नाहीत. पण शेवू बसली की तिच्या फ्रॉकच्या सावलीत येऊन उभी राहायची. उन्हात दुसरी सावली नव्हती ना.

त्याच वर्षी रेणुकाला कावीळ झाली.

आधी अंग मोडून आलं, अन्न नको झालं. मग डोळे पिवळे झाले. गावात उतारा झाला, झाडपाला झाला. खानापूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवा, उशीर करू नका. भैरूनं सोमवारी जायचं ठरवलं. रेणुका सोप्यात खिडकीजवळ पडून असायची. खिडकीतून शेत दिसायचं.

आणि टिटव्या ओरडायच्या. पिल्लं लहान, आणि त्या दिवसांत एक कोल्हं शिवारात यायला लागलं होतं. अंधार पडला की त्या जास्तच ओरडायच्या, घरावरून ओरडत जायच्या. टिटवी घरावरून ओरडत गेली की त्या घरातलं माणूस जातं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. भिंतीपलीकडं मीसुद्धा अंथरुणात देवाचं नाव घेत होते.

सखुबाई म्हातारी वाईट नव्हती. सुनेवर तिचा जीव होता. ती भैरूला म्हणाली, "भैरू, ती पाखरं बायकोला न्यायला आल्यात. ती हितनं हालल्याबिगर हिला उतार न्हाय. मारून टाक."

भैरू काठी घेऊन दोन वेळा शेतात गेला. टिटव्या उडायच्या, डोक्यावर आणखी जोरात ओरडायच्या, आणि तो माघारी फिरला की परत उतरायच्या. पिल्लं तिथं असताना त्या जातील कशा? आणि पिल्लं कुणाला दिसतील तर शपथ. तेव्हा मारुती म्हणाला, "भाताला औषध लावून टाकतो. मोठी बी जात्यात, बारकी बी."

शेवू दाराशी उभी होती. चार पावलं लांब, नेहमीसारखी. ती म्हणाली, "औषध नको. मला घालवाय येतंय."

"जातील व्हय तुझ्या सांगण्यानं?" मारुती म्हणाला.

"गेल्यावर आई बरी व्हईल?" तिनं आजीला विचारलं.

"व्हईल बाळा," सखुबाई म्हणाली. तिचा स्वतःचा तसा विश्वास होता.

दिवस मावळायला आला होता. मी आमच्या शेतात जळण गोळा करत होते, म्हणून मला दिसलं. शेवू बांधावरून उतरली, हात पाठीमागं. टिटव्या गप्प झाल्या. माणसांची चाहूल लागून इतका वेळ ओरडत होत्या, त्या तिला बघून गप्प झाल्या. ती जाऊन मधोमध उभी राहिली. पिल्लं ढेकळांतून उठली, तिच्या पायाकडं यायला लागली.

तिनं हात पुढं आणले. हातात ढेकूळ होतं.

पहिलं ढेकूळ पिल्लांच्या जवळ पडून फुटलं. टिटवी जरा बाजूला सरकली आणि तिच्याकडं बघत उभी राहिली. काही चुकून पडलं असेल, असं तिला वाटलं असावं. दुसरं पडलं. तरी ती उडाली नाही. तेव्हा शेवू ओरडली. त्या पोरीचा मोठा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. "जा! जा की गं! जा म्हणतोय न्हवं!" ती पळायला लागली, वाकून वाकून ढेकळं उचलत, फेकत. एक टिटवीच्या पायाला लागलं. मग मात्र ती उडाली आणि शेवूच्या डोक्यावर, जशी आमच्यावर ओरडायची, तशीच ओरडली. पिल्लं बांध चढून नदीकडच्या गवतात गेली. शेवू गवतापर्यंत त्यांच्या मागं गेली. अंधार झाला तेव्हा माघारी आली.

तिनं हातपाय धुतले आणि आईजवळ जाऊन बसली. मी कांजी घेऊन गेले होते.

"आई, घालवल्या."

रेणुकानं डोळे उघडले. "कशाला गं घालवलीस? बारकी पोरं हुती की त्यांची."

शेवूनं आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"मला बरं वाटायचं गं," रेणुका म्हणाली. "त्या गप झाल्या की कळायचं, माझी शेवू शेतात गेलीया."

दुसऱ्या दिवशी रेणुका उठून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं नाचणीची आंबील मागून घेतली आणि माझ्याशी चार शब्द हसून बोलली. घरावरून काही ओरडत गेलं नाही. सखुबाईनं नारळ फोडला. मारुतीनं शेवूला पेपरमिंटच्या गोळ्या आणून दिल्या. भैरू म्हणाला, "आता भ्या न्हाय. एवढी धूळवाफेची पेरणी उरकतो आणि मग जातो बेळगावला." आमच्याकडं पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीतच भात पेरतात. त्याचे दिवस आले होते, पेरायची कुरी मिळाली होती. सोमवार गेला. मंगळवारी पेरणी चालू होती. त्या वर्षी पहिल्यांदा शेताच्या मधली ती जागाही पेरली.

पेरणी संपली त्या संध्याकाळी रेणुका बरळायला लागली. माणसं ओळखेना. गाडी करून बेळगावला नेली. डॉक्टरांनी ठेवून घेतली, दोन दिवस प्रयत्न केले. भैरूला म्हणाले, आधी आणायला पाहिजे होती. तिला घरी आणली ती झाकूनच.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. बायका रडत होत्या. भैरू डोकं भिंतीवर आपटत होता, त्याला दोघं धरून बसले होते. शेवू माझ्या शेजारी उभी होती. ती रडत नव्हती. तिनं माझा पदर ओढला.

"काकी, टिटवी तर न्हवती."

"हं."

"लांब गेल्यात त्या. मी जाऊन बघितलं. नदीपल्याड गेल्यात."

"व्हय बाळा."

"मग कोण वरडलं?"

तिला मी जवळ घेतली. सखुबाईनं ते ऐकलं असावं. ती रडता रडता एकदम थांबली आणि उठून आत निघून गेली.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. बायकांनी जायची आमच्यात पद्धत नाही, पण शेवूला भैरूनं नेली आणि ती माझं बोट सोडेना म्हणून मीही मागं जाऊन उभी राहिले. पिंड ठेवला. त्याच्या शेजारी रेणुकाच्या आवडीची आंबील, भाकरी, सुकी मासळी ठेवली. झाडावर कावळे होते. एक फांदीवरून खालच्या फांदीवर आला आणि तिथंच बसला.

भैरू हात जोडून म्हणाला, "पोरीला अंतर देणार न्हाय." कावळा आला नाही. बेळगावजवळच्या मच्छे गावात राहणारा शेवूचा मामा म्हणाला, "रेणे, पोरीला मी शिकवतो. तू जा बिनघोर." तरी आला नाही. सखुबाईनं घरून जे जे कबूल करून पाठवलं होतं, तेही सांगून झालं. ऊन वर आलं. माणसं पाय बदलत उभी होती.

मग कुणीतरी म्हणालं, "शेवूला सांगा की. तिचं ऐकत्यात पाखरं."

सगळ्यांना ते पटलं. मामानं तिला पुढं नेली. "शेवू, हाक मार बाळा. आईसाठी."

शेवू पिंडापासून चार पावलांवर उभी राहिली. हात पाठीमागं नव्हते, नुसते खाली सोडलेले होते. तिनं झाडाकडं बघितलं. कावळ्यानं मान वाकडी केली. मला वाटलं, ती आता हाक मारणार आणि तो येणार. आला असता. अजूनही मला वाटतं, आला असता.

"मी न्हाय बोलवत," ती म्हणाली.

"का गं?"

"बोलावलं की येत्यात. मग दगूड खात्यात."

भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. आम्ही घरी आलो.

बाराव्यानंतर मामानं तिला मच्छ्याला नेलं. भैरूनं अडवलं नाही. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. त्यानं शेत वाट्यानं दिलं आणि स्वतः गवंड्याच्या हाताखाली जायला लागला. शेवू निघाली तेव्हा मी तिला एक फ्रॉक दिला. ती आमच्या घरात आली, मला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी पहिल्यांदा ती दारात न थांबता सरळ आत आली होती. मला ते बघून कसंतरीच झालं. पुढच्या उन्हाळ्यात टिटव्या आल्या, आमच्या शेतात. आमच्या मालकांनी पाटीएवढी जागा सोडली. मी खापरात पाणी ठेवलं. त्या माझ्यावर ओरडल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मामानं शब्द पाळला, तिला दहावीपर्यंत शिकवली. मग तिथल्याच कारखान्यात ती पॅकिंगला लागली. लग्न झालं. नवरा लेथवर काम करतो, चांगला आहे म्हणतात. गावाला ती फारशी येत नाही. सखुबाई गेली तेव्हा आली आणि त्याच दिवशी गेली.

गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी मच्छ्याला गेले होते. कारखान्यांच्या मागं एका चाळीत तिची एक खोली आहे. ती मला बघून पटकन उठली, "काकी, या की, आत या," म्हणून हाताला धरून बसवलं. अंगानं भरली आहे. हसली तेव्हा रेणुकासारखी दिसली, फक्त आवाज होत नाही. तिची मुलगी वर्षाच्या वर झाली असेल. तिला भरवायचं चाललं होतं. दूधभात कालवलेला, आणि पोरगी तोंड घट्ट मिटून बसलेली.

शेजारची बाई दारातून म्हणाली, "अगं शेवंता, काऊ दाखव की तिला! तो बघ, भिंतीवर बसलाय. काऊ ये, चिऊ ये म्हण, म्हंजे तोंड उघडती."

कावळा खरंच समोरच्या भिंतीवर येऊन बसला होता, वाटीकडं बघत. आपल्याकडच्या सगळ्या आया अशाच भरवतात. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. मीही माझ्या पोरांना तसंच भरवलं, नातीलाही. शेवूनं पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, स्वतः खिडकीकडं पाठ करून बसली आणि एक लहान घास केला.

"हा घास बाबाचा," ती म्हणाली. पोरीनं तोंड उघडलं नाही.

"हा घास काकीचा." पोरीनं माझ्याकडं बघितलं.

शेवूनं तो घास तसाच हातात धरला. घाई केली नाही. थोडा वेळ ती दुसरीकडंच बघत राहिली.

"हा घास आज्जीचा," ती म्हणाली, आणि पोरीनं तोंड उघडलं.